परवाना सायकलीचा की सायकलस्वाराचा?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सायकल हेही वाहनच आहे, तेव्हा मोटारीप्रमाणे तिलाही क्रमांक आणि परवाना सक्तीचा असावा, ही मागणी दर काही महिन्यांनी वाचकांच्या पत्रांतून पुन्हा डोके वर काढते. एखादा स्वार लाल दिवा ओलांडून जातो, पदपथावर एखाद्या वृद्धाला सायकलीचा धक्का लागतो, आणि मग सगळ्याच सायकली दप्तरी नोंदवून घ्या असा सूर लागतो. या मागणीमागचा राग मला समजतो. गेली तीसहून अधिक वर्षे मी जवळजवळ रोज सायकल चालवत आहे आणि बेशिस्त सायकलस्वारांचा उपद्रव मोटारचालकांपेक्षा आम्हा सायकलस्वारांनाच अधिक होतो, कारण त्यांच्या चुकीचा हिशेब लोक आमच्या खात्यावर मांडतात. तरीही ही मागणी मला मान्य नाही. परवाना या एकाच शब्दात मालकीची ओळख, कर आणि चालवण्याची पात्रता या तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात, आणि त्यांतील एकीसाठी केलेला नियम उरलेल्या दोघींच्या काहीच कामाचा नसतो.

कराचा बिल्ला हा यातला सर्वांत जुना प्रकार. नेदरलँड्स म्हणजे सायकलींचा देश, पण तिथेही 1924 ते 1941 या काळात प्रत्येक सायकलीवर कर भरल्याचा धातूचा बिल्ला लावावा लागे. बेरोजगारांना तो फुकट मिळे, मात्र त्याला मुद्दाम भोक पाडलेले असे आणि असा बिल्ला असलेल्या माणसाला रविवारी सायकल चालवण्याची मनाई होती. काम नसलेल्याने हौसेने फिरू नये, हा त्यामागचा सरकारी विचार. बिल्ल्याने कोणाची सायकल अधिक सुरक्षित चालली, असे म्हणायला काहीच आधार नाही. भोकाच्या बिल्ल्याने गरिबाची गरिबी तेवढी चारचौघांत उघडी पाडली. होनोलुलूत आजही मोठ्या चाकांच्या सायकलींची नोंदणी सक्तीची आहे, परंतु तिथे एकदाच घेतलेले शुल्क सायकलमार्गांसाठीच्या स्वतंत्र निधीत जमा होते. पैसा कशासाठी घेतला आणि कुठे खर्च झाला हे सांगता येत असेल तर अशा शुल्काला निदान काही अर्थ आहे, पण त्याला सुरक्षिततेचा नियम म्हणण्याचे कारण नाही.

टोरोंटो शहराचा अनुभव याहून बोलका आहे. तिथे 1935 पासून सायकलींना परवाना सक्तीचा होता आणि 1957 मध्ये शहराने तो स्वतःहून रद्द केला. रद्द करताना दिलेले कारण मला फार महत्त्वाचे वाटते. परवान्यामुळे लहान मुले नकळत, अगदी कोवळ्या वयात कायदा मोडणारी ठरतात आणि मुलांचे व पोलिसांचे संबंध बिघडतात, असे नगरप्रशासनाने तेव्हा म्हटले होते. सायकल हे बहुधा एकमेव वाहन आहे जे सात वर्षांचे मूलही चालवते आणि सत्तरीतला माणूसही. मोटारीच्या परवान्याची चौकट प्रौढ माणूस गृहीत धरून आखलेली असते. ती जशीच्या तशी सायकलीवर बसवली की पहिला गुन्हेगार बहुधा एखादा शाळकरी मुलगाच निघतो.

राहिला मालकीचा प्रश्न. चोरीपुरता विचार केला तर नोंदणीचा उपयोग निश्चित आहे आणि इथे मी परवान्याच्या समर्थकांशी अर्ध्या वाटेपर्यंत सहमत आहे. जपानमध्ये सायकलीची चोरीप्रतिबंधक नोंदणी 1994 पासून कायद्याने बंधनकारक आहे. दुकानातून सायकल घेतानाच ती होते आणि चौकटीवर क्रमांकाची चिकटपट्टी लागते. उल्लेखनीय बाब ही की नोंदणी न केल्याबद्दल दंडाची तरतूद तिथे नाही. सापडलेली सायकल कोणाची आहे हे कळावे एवढाच तिचा हेतू, आणि त्या हेतूला ती पुरेशी ठरते. माझी स्वतःची सायकल दोनदा चोरीला गेली. पहिल्या खेपेला तिच्या हँडलला तारेने बांधलेली क्रमांकाची पत्री होती. ती चोराने अर्थातच पहिल्या मिनिटात काढून टाकली असणार, कारण सायकल पुन्हा दिसलीच नाही. दुसऱ्या सायकलीला बाहेरून काहीच लावलेले नव्हते, पण पायडलांच्या मधल्या नळीखाली चौकटीवर ठोकलेला क्रमांक मी वहीत लिहून ठेवला होता. चार महिन्यांनी बेवारस सायकलींच्या ढिगाऱ्यात, गंजलेल्या चेनसह का होईना, ती मला त्या क्रमांकावरून ओळखता आली. बाहेरून अडकवलेला बिल्ला काढता येतो, चौकटीवर ठोकलेला क्रमांक खरवडल्याशिवाय जात नाही आणि खरवडला तर संशय येतो. म्हणून स्थानिक संस्थेने हा क्रमांक, सायकलीचे छायाचित्र आणि मालकाचे नाव विनामूल्य व ऐच्छिक स्वरूपात नोंदवून घ्यावे, त्यासाठी दंडाचा बडगा उगारण्याची गरज नाही.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे सुरक्षित चालवण्याकडे, येतो. अपघात ज्या चुकांमुळे होतात त्यांतली एकही चूक बिल्ला लावल्याने टळत नाही. रात्री दिव्याविना सायकल चालवणे ही यातली सर्वांत गंभीर. गडद कपडे घातलेला स्वार अंधाऱ्या रस्त्यावर मोटारीच्या प्रकाशझोतात येतो तेव्हा चालकाच्या हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार त्या दोन सेकंदांत सुमारे 33 मीटर पुढे आलेली असते. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि लाल परावर्तक, एवढी सामग्री असेल तर स्वार जिथून दिसू लागतो ते अंतर कित्येक पटींनी वाढते. पायडलांवरील पिवळे परावर्तक तर फारच गुणी, कारण ते वरखाली हलताना दिसले की पुढे सायकलच आहे हे मागच्या चालकाला क्षणात उमगते. स्थिर ठिपक्यावरून ते कळत नाही. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारानेही सायकलीकडून मागितले ते एवढेच: चांगला ब्रेक, पुरेशा अंतरावर ऐकू जाईल अशी घंटी, मागे लाल परावर्तक, आणि पुढे-मागे दिव्यांची सोय. घंटीखेरीज दुसरे कोणतेही आवाजाचे साधन सायकलीवर नसावे, असेही तो करार सांगतो. हल्ली मुलांच्या सायकलींवर वाजणारे कर्कश भोंगे ऐकले की मला त्या कलमाची हटकून आठवण येते.

दुसरी चूक उलट दिशेने जाण्याची. समोरून येणारी वाहने दिसतात म्हणून हे अधिक सुरक्षित, असा समज अनेक सुशिक्षित लोकांचाही आहे. तो साध्या गणिताने मोडतो. स्वाराचा वेग ताशी 15 आणि मोटारीचा 45 किलोमीटर धरा. दोघे एकाच दिशेने जात असतील तर मोटार सायकलीजवळ ताशी 30 च्या वेगाने येते, समोरासमोर असतील तर 60 च्या. पन्नास मीटरवरून एकमेकांची नजर पडली तर पहिल्या प्रसंगात सावरायला सहा सेकंद मिळतात आणि दुसऱ्यात तीनच. शिवाय आडरस्त्यातून मुख्य रस्त्यावर येणारा चालक जिकडून वाहने येतात तिकडेच पाहत असतो. उलट बाजूने आलेली सायकल त्याच्या नजरेच्या कक्षेतच नसते.

ब्रेकविषयी लोक फार बेफिकीर असतात. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारा स्वार धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो, आणि कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लागले तरी थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. ब्रेक दाबताच शरीराचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे खरे काम पुढचाच ब्रेक करतो. पुढचा ब्रेक लावला की माणूस हँडलवरून उलटतो, या भीतीने केवळ मागच्या ब्रेकवर विसंबणाऱ्याला जवळजवळ दुप्पट अंतर लागते. पावसात ओल्या रिमवर रबर घसरते, तेव्हा तर हे अंतर आणखी वाढते; त्यासाठी थोडे आधीपासून हलके ब्रेक दाबून रिमवरचे पाणी निपटून घ्यावे लागते. हे कोणत्या परवान्यावर लिहिलेले असते?

उभ्या मोटारींच्या रांगेला खेटून जाणे आणि वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला घुसणे, या दोन सवयींबद्दल तर सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी एकदा समोर बसवून सांगायला हवे. अचानक उघडलेले दार साधारण एक मीटर जागा व्यापते, तेव्हा तेवढे अंतर राखून जाण्याचा हक्क स्वाराला आहे आणि मागून भोंगा वाजला म्हणून त्याने तो सोडू नये. ट्रकची मागची चाके वळताना पुढच्या चाकांच्या मार्गाने न जाता आतल्या बाजूने कापत येतात, आणि नेमक्या त्याच जागेत असलेली सायकल चालकाला आरशात दिसत नाही. अशा वेळी ट्रकच्या मागे थांबणे, हा एकच उपाय आहे.

शिरस्त्राणाबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने ते 1990 मध्ये सक्तीचे केले, तर 2023 पासून जपानने सर्व वयाच्या स्वारांना ते वापरण्याचा प्रयत्न करण्याचे बंधन घातले, पण दंड ठेवला नाही. मी स्वतः ते वापरतो, मुलांनी वापरावेच असे मानतो, आणि दंडाच्या बाबतीत जपानी मार्ग पसंत करतो.

मग पात्रतेचे काय? ती शिकवणीतून येते, आणि शिकवण्याची जागा शाळा आहे. जर्मनीत चौथीच्या आसपासच्या मुलांना पोलिसांच्या सहभागाने सायकल चालवण्याचे धडे दिले जातात आणि शेवटी परीक्षाही होते. नेदरलँड्समध्येही प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्षांत वाहतुकीची लेखी व प्रत्यक्ष परीक्षा घेण्याची पद्धत आहे. हात दाखवून वळणे, वळण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहणे, आणि मागे पाहताना सायकल सरळ ठेवणे (हे वाटते त्याहून बरेच अवघड आहे) या गोष्टी मूल मैदानावर आखलेल्या रेषांमध्ये आठवडाभरात शिकते. त्या वयात लागलेली सवय पुढे मोटार चालवतानाही टिकते, कारण सायकलवर बसून ट्रक अनुभवलेला माणूस सायकलीला ओलांडताना आपोआप थोडी अधिक जागा सोडतो.

याचा अर्थ स्वारावर जबाबदारीच नको असा नाही. जपानमधील कोबे येथील न्यायालयाने 2013 मध्ये एका शाळकरी मुलाच्या सायकलीने गंभीर जखमी झालेल्या महिलेच्या प्रकरणात मुलाच्या आईला सुमारे साडेनऊ कोटी येन भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर कोबे ज्या प्रांतात आहे त्या ह्योगोने 2015 मध्ये सायकलस्वारांना विमा बंधनकारक केला. मला हा स्थानिक नियमाचा चांगला नमुना वाटतो, कारण एका प्रत्यक्ष नुकसानीचे नेमके उत्तर त्यात आहे. उलट स्वित्झर्लंडमध्ये सायकलीवर विम्याची चिकटपट्टी लावण्याची सक्ती होती. बहुतेक नागरिकांच्या वैयक्तिक दायित्व विम्यात (आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्यात) हे संरक्षण आधीच असल्याने ती पद्धत 2012 पासून बंद झाली. गरज असेल तिथे नियम आणि गरज संपली की त्याची रजा, असा हा व्यवहार आहे.

विजेवर चालणाऱ्या सायकलींची सीमारेषा मात्र स्पष्टच हवी. युरोपीय संघात पायडल मारल्यावरच साहाय्य करणारी, 250 वॉटपर्यंतच्या मोटारीची आणि ताशी 25 किलोमीटरला साहाय्य थांबवणारी सायकल ही सायकलच मानतात. ताशी 45 पर्यंत साहाय्य देणाऱ्या वेगवान प्रकाराला जर्मनीत विम्याची पाटी आणि चालकाचा परवाना दोन्ही लागतात. परवान्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आपले लक्ष या दुसऱ्या वर्गाकडे वळवावे. पायडल नावापुरतेच असलेली आणि मूठ पिळताच पळणारी दुचाकी सायकलमार्गावर आली, तर तिथे चालणारी मुले आणि वृद्ध दोघेही धोक्यात येतात.

नियम स्थानिक असण्यातली एक अडचणही नोंदवतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गावागावाचे सायकलविषयक नियम निरनिराळे होते. 1888 च्या कायद्याने सायकलला गाडीचा दर्जा दिला आणि हे स्थानिक अधिकार काढून घेतले. शहराच्या वेशीवर सायकल थांबवून नवा नियम वाचत बसणे कोणालाही शक्य नसते. म्हणून दिवा, दिशा, ब्रेक आणि फोन याबाबतचे नियम सर्वत्र एकच असावेत आणि स्थानिक संस्थेने आपल्या हाती जागेपुरते निर्णय ठेवावेत: कोणत्या पदपथावर सायकलीला मनाई, कुठल्या एकेरी रस्त्यावर तिला दोन्ही दिशांनी मुभा, आणि सायकली उभ्या करण्याची सोय कुठे.

असे नियम करू पाहणाऱ्या प्रत्येक स्थानिक संस्थेला माझी विनंती आहे की मसुदा अंतिम करण्यापूर्वी तो दहा वर्षांच्या एखाद्या मुलाला वाचायला द्यावा. जे कलम त्याला कळणार नाही किंवा सायकलवर बसून पाळता येणार नाही, ते पुन्हा लिहावे. दिव्याविना सायकल चालवणाऱ्याला पहिल्या वेळी दंडाची पावती देण्याऐवजी तिथेच दिवा बसवून द्यावा, आणि दंडाची सुरुवात दुसऱ्या वेळेपासून करावी.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक