स्थिर झालेल्या रुग्णाच्या नात्यांचीही चौकशी व्हावी

महोदय,

दरवर्षी ३० मार्चला जागतिक बायपोलर दिनाच्या निमित्ताने या मानसिक आजारात आलटून पालटून येणाऱ्या उन्माद आणि नैराश्य यांच्या लक्षणांविषयी बरेच सांगितले जाते. ही दोन्ही टोके ओसरून रुग्ण स्थिर झाल्यानंतरच्या काळाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि आमच्यासारख्या कुटुंबांची बहुतेक वर्षे याच काळात जातात.

बायपोलर आजार असलेला माझा धाकटा भाऊ मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या नियमित घेतो, रक्ततपासणी चुकवत नाही आणि महापे येथील एका कारखान्यात नोकरी करतो. तरीही दमून गेलेली पत्नी 'राहू दे, मीच करते' असे म्हणाली की तो ते शब्दशः खरे मानून बाजूला होतो. तिच्या स्वरातली नाराजी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. घरात याला बेपर्वाई समजले जाते, कारखान्यात तुसडेपणा.

चेहरा, आवाज आणि सूचक बोलणे यांवरून दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात सामाजिक आकलन म्हणतात. स्थिर अवस्थेतील बायपोलर रुग्णांच्या अभ्यासांत ही क्षमता निरोगी व्यक्तींपेक्षा सरासरीने कमी आढळली आहे. ही उणीव सहसा स्किझोफ्रेनियाइतकी नसते, आणि चेहऱ्यावरील भावना ओळखण्यापेक्षा समोरच्याचा हेतू किंवा आडून केलेली सूचना समजण्यात ती अधिक जाणवते. अर्थात ही सरासरी आहे. अनेक रुग्णांना अशी अडचण मुळीच येत नाही, त्यामुळे केवळ निदान ऐकून कोणाला नोकरी किंवा स्थळ नाकारणे हा शुद्ध अन्याय ठरेल.

मला खटकते ती विसंगती अशी की, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देताना वापरल्या जाणाऱ्या 'आयडियाज' मापनपट्टीत स्वतःची काळजी आणि काम यांच्याबरोबरच परस्परसंबंध आणि संवाद यांनाही गुण दिले जातात, परंतु आम्हाला आलेल्या अनुभवाप्रमाणे दर महिन्याच्या तपासणीत झोप, भूक आणि गोळ्या यांपलीकडे विचारणा होत नाही. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता यात डॉक्टरांना दोष देता येणार नाही. तथापि बंगळूरुच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी भारतीय परिस्थितीला अनुरूप अशा सामाजिक आकलनाच्या चाचण्या तयार केल्या आहेत, आणि हे कौशल्य सरावाने सुधारण्याचे प्रशिक्षणही ठिकठिकाणी अभ्यासले जात आहे.

१९०१ पासून कार्यरत असलेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाने, तसेच ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या रुग्णालयांनी, स्थिर रुग्णांसाठी निदान वर्षातून एकदा मानसशास्त्रज्ञांशी स्वतंत्र भेट ठेवावी. त्या भेटीत घरी आणि कामावर गैरसमज कोठे होतात हे रुग्णाला विचारावे, त्याची संमती असल्यास जोडीदारालाही आत बोलवावे, आणि मनातले सूचकपणे न सांगता स्पष्ट शब्दांत कसे सांगावे हे घरच्यांनाही शिकवावे.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)