फूल, दोन पाने आणि न विचारलेला प्रश्न: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदा १६ जानेवारीला, अस्मिताय दिसाला, म्हणजे १९६७च्या जनमत कौलाच्या स्मरणदिनी, भाचीच्या शाळेत गेलो होतो. पाहुणे म्हणून आलेले वक्ते ठासून म्हणाले, "१९६७ साली गोव्याने मराठी नाकारली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या बाकावर चरफडत बसलो, तेही मराठीतच.

साहेब, जनमत कौलात भाषेबद्दल काहीच विचारलेले नव्हते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढेच विचारले होते. विलीनीकरणाला फूल, वेगळे राहायला दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. निकाल स्पष्ट आहे आणि तो मला मान्य आहे. पण फुलाची मते वैध मतांत शेकडा ४४हून जास्त भरतात. त्या माणसांची नातवंडे आज तुमच्याच शाळांत शिकतात.

शिवाय दोन पानांचा प्रचार करणारे दैनिक 'राष्ट्रमत' निघायचे मडगावहून, आणि मराठीत. अडीच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, तर त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. आता यात कोणी काय नाकारले, हे त्या वक्त्यांनी सांगावे!

आमच्या घरातलेच सांगतो. आजोबांनी फुलाला मत दिले. आजीने पानांना, आणि हे तिने आम्हाला सांगितले ते आजोबा गेल्यावर. कारण विचारले तर म्हणाली, "जमिनीच्या कागदासाठी मुंबईला कोण जातलो रे?" ज्ञानेश्वरीची पोथी मात्र ती रोज वाचायची. मतमोजणीत ती त्या १,७२,१९१ पैकी एक. का, ते आकड्यात कुठून दिसणार?

आणि जे विचारलेच नाही त्याचे काय? स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. तो मिळायला ३० मे १९८७ उजाडावे लागले. तैवानमधले एक विद्यापीठ १९९४पासून स्वातंत्र्य की चीनशी एकीकरण हा प्रश्न सहा पर्याय देऊन विचारते. तिथे 'ताबडतोब' म्हणणारे दोन्ही बाजूंना मूठभरच निघतात. बहुतेकांना आहे तेच चालू द्यायचे असते, कोणाला तूर्त, कोणाला कायमचे. त्याच लोकांसमोर दोनच चौकटी ठेवल्या असत्या तर हे मधले मत आकड्यात दिसलेच नसते. स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याबद्दलच्या २०१४च्या सार्वमताआधी सरकारच्या प्रश्नातले 'तुम्हाला हे मान्य आहे का' हे शब्द निवडणूक आयोगाच्या सांगण्यावरून गाळले गेले, कारण तसे विचारले की माणूस हो म्हणण्याकडे झुकतो. प्रश्न बदलला की उत्तरही थोडे सरकतेच.

माझी मागणी छोटी आहे. कौलाच्या धड्यात प्रश्न जसा विचारला होता तसा छापा, शेजारी दोन्ही चिन्हे आणि मतदारसंघवार आकडे द्या. कुठे फूल पुढे होते, कुठे पाने, ते मुलांना स्वतः शोधू दे. खाली एकच गृहपाठ: घरात कोणी मत दिले असेल तर का दिले ते विचारून या. तेव्हा मत दिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा हे पुढच्या शैक्षणिक वर्षापासूनच सुरू करा.

आपला,
एक गोमंतकीय पालक