निम्म्या खर्चाचा करार

महोदय,

महामार्ग रखडला की केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवतात, हे आपल्याकडे नित्याचेच झाले असल्याने ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा दाखला मला विचारात घेण्याजोगा वाटतो. कॅनडात रस्ते हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे 1949 च्या कायद्यान्वये संघीय सरकारने निम्मा खर्च उचलून दर्जाचे निकष ठरवावेत आणि आखणी व बांधकाम प्रांतांनी करावे, अशी विभागणी झाली. क्वेबेक प्रांत 1960 पर्यंत या करारात आलाच नाही. दुर्गम टप्प्यांचा निम्मा भारही प्रांतांना पेलवेना, तेव्हा 1956 मध्ये अशा टप्प्यांसाठी संघीय वाटा 90 टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आला. ही लवचीकताच मला अधिक मोलाची वाटते.

याच महामार्गावरील डोंगराळ रॉजर्स खिंडीत हिमकडे रस्त्यावर कोसळू नयेत म्हणून लष्कर तोफा डागून साचलेला बर्फ आधीच पाडते, यावरून कामाची बिकटता ध्यानात यावी. अर्थात श्रेयाची घाई तेथेही होतीच : ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारचे प्रमुख बेनेट यांनी जुलै 1962 मध्ये आपल्या भागाचे उद्घाटन उरकले आणि पंतप्रधान डीफेनबेकर यांचा अधिकृत सोहळा सप्टेंबरमध्ये झाला!

मुंबई-गोवा महामार्गाचे टप्पे केंद्रीय प्राधिकरण आणि राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्यात वाटले गेले असताना, कोणता टप्पा कोणाकडे आणि त्याची मुदत कोणती, याचे फलक जागोजागी लावावेत, एवढी मागणी तरी मान्य व्हावी.

– एक वाचक, चिपळूण