मीटर माझ्याकडे वळवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला ते वाचता येणार नाही. इंग्रजीत तुमचे आभार मानले तेव्हा तुम्ही ते हसण्यावारी नेलेत आणि पुढच्या गाडीकडे वळलात. मला मात्र तेवढ्याने समाधान झाले नाही. तुमच्याविषयी माझ्या माणसांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा प्रपंच.

अमेरिकेतील नेब्रास्कातल्या तुमच्या रेडिओ-दुरुस्तीच्या शेडपुढे मी ट्रक उभा केला तेव्हा माझा सीबी रेडिओ, म्हणजे ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलतात तो छोटा रेडिओ, असून नसल्यासारखा झाला होता. इतरांचे बोलणे कसेबसे ऐकू येई, पण माझा आवाज पुढच्या गाडीपलीकडे पोहोचत नसे. उन्हाळ्यात हे खपून जाते. हिवाळ्यात वायोमिंगमधील लॅरमी ते रॉलिन्स या टप्प्यात, एल्क माउंटनजवळचा वारा जमिनीवरचा बर्फ उचलून समोरचा रस्ताच दिसेनासा करतो, तेव्हा पुढे आडव्या झालेल्या ट्रेलरची खबर सर्वांत आधी १९ नंबरच्या चॅनेलवर येते. ती मला मिळे. मागून येणाऱ्यांना मात्र मी देऊ शकत नव्हतो, आणि याची बोच फार होती.

त्याआधी महामार्गावरील एका मोठ्या दुकानाने माझे पुष्कळ पैसे घेतले होते. त्यांनी प्रथम अँटेना बदलली, मग तिची लांबी कमी-जास्त करून पाहिली, आणि शेवटी दोष रेडिओचाच असल्याचे ठरवून एक महागडा नवा रेडिओ माझ्या गळ्यात मारला. एएमवर बोलणाऱ्या सीबीला इथे कायद्यानेच ४ वॅटची मर्यादा आहे, मग हा नवा रेडिओ जुन्यापेक्षा कितीसा लांब बोलणार, असे मी विचारले तर उत्तरादाखल फक्त हसू मिळाले. रेडिओची किती शक्ती अँटेनाकडून परत फिरते ते दाखवणाऱ्या मीटरने मोजणी चालू असताना त्याचे तोंड त्यांच्याकडे असे आणि माझ्या वाट्याला त्यांची पाठ येई.

तुम्ही मीटर माझ्या मांडीवर ठेवलेत. कॅबची दारे लावून घ्यायला सांगून, माणूस जवळ असला तरी आकडा बदलतो म्हणत, त्या थंडीत स्वतः गाडीपासून दूर जाऊन उभे राहिलात, आणि काटा काय सांगतो ते मलाच वाचायला लावलेत. हा आकडा जितका कमी तितका चांगला; पण १, २० आणि ४० या तिन्ही चॅनेलवर काटा तीनच्या पुढे जात होता, म्हणून मी दर वेळी काचेतून तीन बोटे दाखवत होतो आणि तुम्ही तिकडून मान डोलावत होतात. पहिल्या आणि चाळिसाव्या चॅनेलच्या आकड्यांत फरक असता तर अँटेनाच्या लांबीचा संशय घेतला असता, पण सगळीकडे सारखेच वाईट असेल तर आधी अर्थिंग पाहावे, असे तुम्ही परत येऊन म्हणालात. सीबीची लहर सुमारे ११ मीटरची असते, तिच्या मानाने आरशावरची अँटेनाची चार फुटी काठी अगदीच तोकडी, त्यामुळे तिला गाडीच्या धातूचा आधार लागतो. आणि माझी कॅब तर बहुतांशी फायबरची, वर आरशाचा ब्रॅकेट रंगाच्या थरावर बसवलेला. ब्रॅकेटपासून चॅसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, विणलेल्या तांब्याची एक पट्टी जोडली गेली आणि काटा दीडच्या खाली आला. मधल्या खटाटोपाचे वर्णन करत नाही, तो तुमच्या हातचा मळ होता.

माझ्या मनात घर करून राहिली ती त्यानंतरची गोष्ट. तुम्ही कागदी चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर तिन्ही चॅनेलचे नवे आकडे आणि तारीख लिहिलीत आणि तो सनवायझरच्या आतल्या बाजूला चिकटवलात, का, तर पुढच्या दुकानात कुणी काही विकायला लागले तर आधी हे आकडे जुळवून पाहायला सांगता यावे. स्वतःचे गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने स्वतंत्र करून सोडणारा दुकानदार मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. आमच्या गावी एक वाणी तराजू गिऱ्हाइकाकडे वळवून तोलत असे, त्याची आठवण झाली. जाणकार पुष्कळ भेटतात, आणि त्यांतील बऱ्याच जणांची कमाई समोरच्याला अंधारात ठेवण्यावर चालते. माझ्या लेखी सज्जनपणाची पारख इथेच होते, गोड बोलण्यात नव्हे.

मोबदला म्हणून तुम्ही फक्त पट्टीचे पैसे घेतलेत, हे मला पटलेले नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो जोड गंजू शकतो, तेव्हा बर्फ संपल्यावर एकदा दाखवून जा, असे तुम्ही बजावले होते. एप्रिलमध्ये त्या बाजूचा माल मिळाला की गाडी तुमच्या दारात आणून उभी करतो. त्या वेळी मात्र मजुरी पूर्ण घ्यावी, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
एक मराठी ट्रकचालक