लेप्टो विषाणूजन्य नव्हे

‘पावसाळी विषाणूंचा विळखा’ या बातमीत डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस हे तिन्ही आजार विषाणूजन्य ठरवले आहेत. त्यांपैकी विषाणू फक्त डेंग्यूचा. लेप्टो साचलेल्या दूषित पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या जिवाणूमुळे होतो, तर मलेरिया प्लाझमोडियम या एकपेशीय परजीवीमुळे. हा फरक केवळ परिभाषेचा नाही. डेंग्यूवर प्रतिजैविके चालत नाहीत. लेप्टोवर मात्र डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके वेळेत सुरू होणे महत्त्वाचे असते. गुडघाभर पाण्यातून घरी आलेला माणूस ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणत ताप अंगावर काढतो, त्याला अशा बातमीने बळच मिळते. मथळ्यात ‘पावसाळी आजार’ एवढे पुरले असते. अनुप्रास तेवढा हुकला असता.

— एक वाचक, ठाणे