सामूहिक ई-मेलवर जड फाइली नकोत

संपादक महोदय,

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावाची एक मेलिंग लिस्ट आहे, म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेली मेल सगळ्या सभासदांना पोचते. गावात राहणारे, पणजी-मडगावला नोकरी करणारे, मुंबईत स्थायिक झालेले, आखातात असलेले आणि जहाजावर काम करणारे असे सगळे तिथे जोडलेले आहेत. जत्रेची तारीख, देवळाच्या कामाचा हिशेब, कोणाच्या निधनाची बातमी, सारे तिथेच कळते. म्हणूनच तिथे येणाऱ्या जड अटॅचमेंटविषयी कळकळीने लिहीत आहे.

अलीकडे एका सभेची नोटीस आली. मजकूर पाच ओळींचा, पण तो रंगीत स्कॅन करून पीडीएफमध्ये घातलेला आणि सोबत गेल्या जत्रेचे फोटो. एकूण वजन 16 एमबीच्या आसपास. मेलमध्ये एवढेच, ‘सोबतची फाइल पाहावी’. आमच्या शेजारणीचा मुलगा जहाजावर असतो. तिथले इंटरनेट उपग्रहावरून चालते आणि डेटा मोजून मिळतो. त्याला ती नोटीस उघडताच आली नाही. त्याच्याच घराकडच्या वाटेचा विषय सभेत होता!

फाइल ई-मेलमधून जाते तेव्हा तिचे अक्षरांत रूपांतर होते आणि आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणजे 16 एमबीचे 21 होतात. सभासद 300 असतील, तर एका नोटिशीपायी 6 जीबीहून अधिक भार सगळ्यांच्या मेलबॉक्सवर पडतो. जीमेलची मोफत जागा 15 जीबी, आणि त्यातच गूगलचे फोटो व ड्राइव्ह (फाइली ऑनलाइन ठेवण्याची सोय) हेही आले. ज्येष्ठांच्या फोनवर ती केव्हाच भरलेली असते. पेटी भरली की मेल परत जाते. असे वारंवार झाले की मेलिंग लिस्टचे सॉफ्टवेअर त्या सभासदाला मेल पाठवणे आपोआप थांबवते. त्याला वाटते, हल्ली गावाकडून कोणी काही लिहीतच नाही. मला याचे फार वाईट वाटते.

स्कॅन करण्याची सवय कुठून आली हे मी समजू शकते. छापखान्यात जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसायचा. आता फोनवरचा मराठी कीबोर्ड युनिकोडमध्ये लिहितो आणि ते सगळीकडे नीट दिसते. तेव्हा नोटीस सरळ मेलमध्येच टाइप करावी. दृष्टिहीन सभासद स्क्रीन रीडरवर मेल ऐकतात. स्कॅन म्हणजे नुसते चित्र, ते त्यांना ऐकू येत नाही.

फोटो पाठवायचेच असतील तर ड्राइव्हवर ठेवून लिंक द्यावी, आणि ती इतरांना उघडते ना हे आधी तपासावे. मात्र हिशेबाचे कागद, फोन नंबरांची यादी असल्या गोष्टी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ दिसतील अशा ठेवू नयेत. एखादाच फोटो असेल तर 1600 पिक्सेलपर्यंत लहान करावा. 4 एमबीचा फोटो बहुधा अर्ध्या एमबीच्या आत येतो आणि चेहरे स्पष्ट ओळखू येतात.

लिस्ट सांभाळणाऱ्यांनीही मर्यादा घालावी. मेलमन या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये मुळातच 40 केबीची मर्यादा असते, त्याहून मोठी मेल संचालकाकडे अडून राहते. कित्येक ठिकाणी तक्रारी येतात म्हणून ती काढून टाकतात. ती पुन्हा लावावी. अडलेली मेल नुसती नाकारू नये, पाठवणाऱ्याला फोन करावा. सत्तर वर्षांपुढच्या माणसाला लिंक करता येत नसेल, तर गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी त्याच्या शेजारी बसून ती करून द्यावी. गणेश चवथीला बाहेरगावची मुलेही घरी येतात, तेव्हा हे काम सहज होईल.

एक वाचक,
वाळपई, सत्तरी