मानसा मुसाचे सोने आणि मिठाची जकात

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मालीचा राजा मानसा मुसा याच्यावरचा लेख वाचला. ‘जगातला आजवरचा सर्वांत श्रीमंत माणूस’ इथेच तो संपतो, याचे फार वाईट वाटले. चौदाव्या शतकातल्या राजाची संपत्ती आजच्या डॉलरमध्ये मोजताच येत नाही. शिवाय त्या आकड्यापायी घाना, माली आणि साँघाई या पश्चिम आफ्रिकेतल्या साम्राज्यांचा शतकानुशतकांचा कारभार वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

१३२४ मध्ये हजला जाताना मुसाने कैरोत इतके सोने उधळले, की तिथला भाव पडला आणि बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता, असे अरब इतिहासकार अल-उमरीने लिहून ठेवले आहे. पण त्याच अल-उमरीची दुसरी नोंद अधिक मोलाची आहे. खाणींच्या मुलखात आपली सत्ता आणि धर्म लादला की सोने निघेनासे होते, हे मालीच्या राजांना अनुभवाने कळले होते. म्हणून त्यांनी खाणकऱ्यांना त्यांच्या रीतीने राहू दिले आणि खंडणीवर भागवले.

खरी कमाई वाटेवर होती. घानाचा राजा गाढवावरून मिठाची खेप राज्यात आली की एक दिनार आणि बाहेर गेली की दोन दिनार घेई, असे अरब भूगोलकार अल-बक्रीने १०६८ मध्ये नोंदवले आहे. हे मीठ सहारातून येई. तिथल्या तगाझा गावात घरे आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. आसपास झाड म्हणून नाही. हे वर्णन इब्न बतूताचे. आपल्या दौलताबादला येऊन गेलेला हा प्रवासी पुढे १३५२ मध्ये मालीला निघाला. तिथल्या मानसा (म्हणजे राजा) सुलेमानने पाहुणचारात हात आखडता घेतला म्हणून तो चांगलाच चिडला होता. तरीही या मुलखात वाटसरूला चोराचिलटाचे भय नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. माझ्या मते मालीचे वैभव या निर्धोक वाटांत होते.

ऱ्हासाबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. गादीवरून होणारी भांडणे मालीला भोवली आणि साँघाईलाही. साँघाईचा सम्राट अस्किया मुहम्मद याला १५२८ मध्ये त्याच्या पोटच्या मुलानेच पदच्युत केले. १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधायला घेतल्यापासून बरेच सोने समुद्राकडे वळू लागले होते. अशा वेळी, १५९१ मध्ये, मोरोक्कोच्या काही हजार बंदूकधाऱ्यांनी तोंदिबीला साँघाईच्या कितीतरी मोठ्या फौजेचा पराभव केला. ज्या खाणींसाठी एवढा खटाटोप केला त्या दूर दक्षिणेला. मोरोक्कोच्या सुलतानाच्या हाती त्या लागल्याच नाहीत. मोडला तो व्यापार, आणि साँघाईतले विद्येचे केंद्र असलेल्या टिंबक्टूच्या पंडितांना बेड्या घालून माराकेशला नेण्यात आले. त्यांतल्या अहमद बाबाचे १,६०० ग्रंथ लुटले गेले. आपल्या घराण्यात सर्वांत लहान ग्रंथसंग्रह माझाच होता, असे तो सांगत असे. मुसाच्या श्रीमंतीपेक्षा हे वाक्य मला जास्त अस्वस्थ करते.

आपल्या पुरवणीला मोठा वाचकवर्ग आहे. म्हणून आग्रहाची विनंती, की टिंबक्टूच्या हस्तलिखितांवर एक सविस्तर लेख द्यावा. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी जीव धोक्यात घालून ती पत्र्याच्या पेट्यांतून मालीची राजधानी बामाकोला हलवली. ती हकिगतही त्यात यावी.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा